सोनीची गोवरी

देव आहे की नाही, हा सवाल मी कोणाला करत नाही आणि मला केलेला खपत नाही. पण त्या सकाळी मीच त्याला विचारत सुटलो होतो. शाळा माझी दोन वर्ग. बाकीचं मातीनं शिकवलं. लिहिताना चुकलो तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी मी लिहिणार आहे.

आरमोरीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला माझा कवेलूंचा, म्हणजे छपराच्या कौलांचा, कारखाना होता. कारखाना म्हणजे चिखलाचा खड्डा, सुकवायचं मैदान आणि कवेलू भाजायचा एक मोठा आवा. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, पण आमच्या जिल्ह्याच्या चांद्याला अजून कोणी चंद्रपूर म्हणत नसे. आमच्या धंद्यात एक रीत होती. आवा रचून झाला की ज्याचा ज्याचा हात मातीला लागला त्यानं त्यात एकेक गोवरी ठेवायची, शेवटची मालकानं, आणि मग आग लावायची. त्या वेळी कोणी रुसलेलं नसावं. रुसल्या मनाचा आवा कच्चा निघतो, असं माझा बाप सांगे.

चैत्र होता. वडशाच्या धानाच्या गोदामावर जायचे कवेलू रचून तयार होते, आणि नदीपलीकडे आभाळ काळं होत चाललं होतं. कच्च्या कवेलूवर पाणी पडलं की त्याचा पुन्हा चिखल. सगळ्यांची उन्हाळ्याची भाकर त्या आव्यात होती. एकेक जण गोवरी ठेवून बाजूला झाला. फुलाबाईची पाळी आली तशी ती मागं सरली.

“मी नाई ठेवत.”

“काऊन वं?” मी विचारलं. तिनं हातातली गोवरी खाली ठेवली. फुलाबाई म्हणजे माझ्याकडची सगळ्यात जुनी कवेलू घडवणारी, एकटी बाई. कधी उलटून बोलली नव्हती.

“भाऊनं लुगडं नाई घेऊन देलं वाटते!” कोणीतरी मागून म्हणालं. भाऊ म्हणजे मी. दोघं-तिघं हसले आणि तिचं तोंड पाहून गप्प झाले. आवा लावणारा गोमाजी माझ्याजवळ आला. “भाऊ, आभाळ पाहा. तिच्या वाटची मी ठेवतो. पेटवून टाका.”

“तुह्या हातानं तिचा राग जाते काय?” मी त्याच्यावरच ओरडलो. हातात पलिता होता, पण हात पुढं होईना. बापाची रीत मोडवत नव्हती आणि एका बाईपुढं मालकाला वाकवत नव्हतं. पलिता गोमाजीच्या हातात कोंबला आणि टेकडीवरच्या महादेवाकडं तरातरा निघालो. दर्शनाला नाही, भांडायला. इतकी वर्षं पाणी घालतो तुझ्यावर, आज तू थोडं पाणी धरून ठेव, नाहीतर तू कशाचा देव!

देवाच्या चौथऱ्याजवळ मोहाचं झाड आहे. त्याच्याखाली एक म्हातारी बसली होती. बाजूला मोहफुलांनी भरलेली टोपली, मांडीशी एक शेळी. मला वाटलं, आसपासच्या गोंडांच्या पाड्यावरची असेल. वर गडगडलं. मी म्हटलं, “बाई, तुहे मोह भिजते. ऊठ!”

तिनं मान वर केली नाही. “पाणी पडनं त पडनं. हे लंगडून राह्यली ना. उभा काऊन, दादा? हात आहेत ना तुले? धर हिले.”

मला असं कोणी बोलत नसे. पण मी बसलो आणि शेळी धरली. खुरात काटा रुतला होता. मी म्हटलं, “ओढ की लवकर!”

“ते थरथरून राह्यली. आधी तिचा जीव ठिकाण्यावर येऊ दे, मंग काटा.” ती शेळीच्या कानामागं खाजवत पुटपुटत राहिली. माझा एक डोळा आभाळावर, पाय आतून उड्या मारत होते. पण शेळी सोडता येईना. हळूहळू तिची थरथर माझ्या हाताखाली थांबली. म्हातारीनं काटा काढला तेव्हा ती ओरडलीही नाही. मी महादेवाला हात जोडायचे विसरून खाली पळालो.

फुलाबाई खड्ड्याच्या काठावर बसली होती. मी तिच्या बाजूला चिखलात बसलो. काही विचारलं नाही. सगळे पाहत होते, गोमाजी पलिता घेऊन तळमळत होता, आणि माझं मन तर त्याच्याहून जास्त. तरी उठलो नाही. शेवटी तीच बोलली.

“मागच्या साली सोनीनं ठेवली होती, भाऊ. माह्या गोवरीवर तिची.”

सोनी तिची पोर. ओल्या फडक्यानं कवेलू पुसायची. पावसाळ्यात तापानं गेली. आम्ही मातीला गेलो होतो, घरी धान पाठवलं होतं. मग विसरलो.

“याच्यातले काही कवेलू तिनंच पुसलेले आहेत. मागच्या खेपेचे उरलेले कच्चे. सारे आपापली ठेवून राह्यले. तिचं नाव कोनी घेतलं नाई.”

मी उठलो. गोवरी उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “हे सोनीची.” ती मी आव्यात ठेवली. फुलाबाईनं तिच्यावर आपली ठेवली. मग मी माझी ठेवली, आणि गोमाजीनं पलिता लावला.

आव्यावर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, आणि चिखलाचा लेप चढवून होतो न होतो तोच सर आली. पलीकडच्या काठावर धो धो, आमच्याकडं शिंतोडे. एका कोपऱ्याचे कवेलू खराब झाले, बाकीचे लालभडक निघाले. ते महादेवानं केलं की वाऱ्यानं, मी वाद घालत नाही. म्हातारीचे मोह भिजले असतील, तिला थोडे बांधून द्यावे म्हणून संध्याकाळी पाड्यावर गेलो. लंगडी शेळी कोणाचीच नव्हती, आणि अशी म्हातारी कोणाला ठाऊक नव्हती. मी परत येऊन झाडाखाली बसलो आणि सकाळचे राहिलेले हात जोडले.

तेव्हापासून आमच्या आव्यात गेलेल्यांच्या गोवऱ्या आधी पडतात. गोमाजीची पडते, फुलाबाईची पडते. कोणी रुसलं तर मी आधी बाजूला जाऊन बसतो, मग धंदा. जीव अजून तळमळतोच. स्वभाव काही भाजून निघत नाही. आता मी गेल्यावर माझ्या नावाची कोणी ठेवेल की नाही, हा विचार मनात येतो. येतो आणि मी त्याला टेकडीवर सोडून येतो. ते माझ्या हातातलं काम नाही.