चतुराबाईचा जित्तेपणीचा फोटू

शिवकन्येचं तोंड मोठं आणि दुकान लहान, असं कडा गावच्या एसटी स्टँडवर सगळेच म्हणत, आणि दोन्ही खरं होतं. दुकानात एक झेरॉक्स मशीन, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि एक प्लास्टिकची खुर्ची एवढंच मावायचं. गिऱ्हाइकाने उभंच राहायचं. लग्नपत्रिका, पीकविम्याचे अर्ज, भावी सरपंचांचे बॅनर, सगळं तिच्या हातून जायचं. 'भावी' हा शब्द तिने इतक्यांदा टाइप केला होता की आख्ख्या तालुक्यात आजचा असा कुणी उरलेलाच नाही, अशी तिची खात्री पटली होती.

याच दुकानातून मेंढपाळ मंडळाचं 'समाजजागर' नावाचं आठ पानी पत्रक निघायचं. जागर कसला तो देव जाणे. पहिल्या पानावर अध्यक्ष रामप्रसाददादा हात जोडून उभे. दुसऱ्या पानावर मंडळाचे पदाधिकारी, ज्याचं वजन जास्त त्याचा फोटो मोठा. तिसऱ्या पानावर शुभेच्छुक, बहुतेक काळा गॉगल लावलेले. मेंढरांच्या लसीची तारीख, चराईची बातमी वगैरे किरकोळ गोष्टी त्यानंतर. शेवटच्या पानावर श्रद्धांजली. बाईमाणसाचा फोटो 'समाजजागर'मध्ये फक्त तिथेच यायचा, काळ्या चौकटीत, तोही आधार कार्डावरून कापलेला. त्यामुळे वारलेल्या सगळ्या बाया कुणीतरी गुन्ह्यात धरून आणल्यासारख्या दिसत.

एकदा शिवकन्येची सासू चतुराबाई ते शेवटचं पान डोळ्याला लावून बसली. एका डोळ्यात पडदा आलेला, दुसऱ्यात येऊ घातलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की म्हातारी अंगावर यायची. पानावर तिची एक जुनी मैत्रीण होती, नुकतीच गेलेली.

"शिवकन्ये, हिनं हा फोटू पायला का गं?"

"मेल्यावर छापलाय आत्या. कशी पाहील?"

"मंग माजा छापायचा तर आताच छाप. एक डोळा हाय तवर. मेल्यावर छापून का सरणावर दाखवायलीस?"

सासूसुनेचं सख्य तसं विळ्याभोपळ्याचं. चहात साखर कमी पडली तरी दोघींचा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा. पण हे बोलणं शिवकन्येला लागलं. ती म्हणाली, "छापते. तुमच्या नाकावर टिच्चून छापते."

छापायचं म्हणजे आता छापखाना राहिला नव्हता. छपाई बंद, पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर, असा दादांनी ठराव केला होता. वर ताकीद दिली होती, "सॉफ्टवेअर फुकटचं बघ. समाजाचा पैका हाय, मंडळाचा एक रुपाया लागू देऊ नको." त्याच बैठकीत मंडळाने मटण खाल्लं होतं, पण ते समाजकार्यात धरतात.

शिवकन्येचा मजकूर जुन्या फाँटातला. फाइल तशीच धाडली की लोकांच्या मोबाइलवर अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसायच्या. पीडीएफ केली तर मात्र जसं बसवलं तसंच सगळीकडे दिसतं. म्हणून फुकटात पीडीएफ करून देणाऱ्याचा शोध सुरू झाला. फुकट ते पौष्टिक म्हणतात. ज्याने कुणी म्हटलं त्याने इंटरनेट पाहिलेलं नसणार.

पहिल्या सॉफ्टवेअरने पीडीएफ केली झकास, पण प्रत्येक पानावर तिरका इंग्रजी शिक्का मारला. तो नेमका दादांच्या तोंडावर, मिशीपासून कानापर्यंत. शिवकन्येने तो क्षणभर आवडीने पाहिला आणि नाइलाजाने पुसला. दुसरा प्रकार वेबसाइटचा होता. तिथे 'डाउनलोड' अशी पाच बटणं. ती खऱ्या बटणापर्यंत पोचेतो कॉम्प्युटरमध्ये वजन घटवायच्या गोळ्या, पत्त्यांचा डाव आणि एक हसरी बाई येऊन बसली. त्यांना हाकलण्यात दुपार गेली. तिसरं सॉफ्टवेअर सभ्य होतं. शिक्का नाही, जाहिरात नाही, पण फुकटात पहिली तीनच पानं करून द्यायचं. बाकीची हवीत तर पैसे भरा. म्हणजे दादा, पदाधिकारी, गॉगलवाले, आणि खेळ खलास. मेंढरांची लस गेली उडत.

शेवटी तिला लिब्रेऑफिस सापडलं. आख्खं फुकट. त्यात मजकूर बसवायचा आणि त्यातूनच पीडीएफ काढायची, पानं कितीही असोत. "असंबी असतंय व्हय?" असं ती मोठ्याने म्हणाली, तेव्हा झेरॉक्सला आलेला माणूस दचकला.

मग चतुराबाईचं पान. पान लिहायचं तर म्हातारीला विचारावं लागणार, आणि शिवकन्येने सासूला आजवर भाजीत मीठ किती एवढंच विचारलेलं. चतुराबाई बाजरी निवडत सांगत गेली. नाथा, म्हणजे शिवकन्येचा नवरा, वाटेत एका बाभळीखाली जन्मला आणि संध्याकाळी ती पुन्हा मेंढरांमागे चालायला लागली. गारपिटीत अंगावरची वाकळ कोकरांवर टाकून ती स्वतः डोक्यावर पातेलं घेऊन बसली होती, त्या पातेल्याचे पोचे अजून घरात आहेत. एका बागाइतदाराने खतासाठी मेंढरं रानात बसवायला बोलावलं आणि वर म्हणाला, बाईमाणसाशी मी व्यवहार बोलत नसतो. चतुराबाईने तोंडात बोटं घालून शिटी मारली. सगळा कळप उठला आणि तिच्या मागोमाग शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसला. शेजाऱ्याची ज्वारी त्या साली पुरुषभर वाढली.

"हे कधी सांगितलं न्हाई आत्या?"

"तू कवा इचारलंस?"

शिवकन्येने सासूला नवं लुगडं नेसवलं, कोकरू मांडीवर दिलं आणि मोबाइलवर फोटो काढला. फोटो सुरेख आला.

आठ पानं जुळली. सातव्या पानावर चतुराबाई. दादा दुकानात येऊन स्क्रीनवर बघायला लागले. स्वतःचं पान त्यांनी तीनदा पाहिलं, बाकीची भरभर सरकवली आणि सातव्यावर थबकले.

"अरारा! चतुराकाकू कवा गेल्या?"

"कुठं न्हाई गेल्या. घरी बाजरी निवडायल्यात."

"मंग कावून छापायलीस?"

"जित्त्या हायत म्हणूनच छापायले, दादा."

दादांना ते काही पटेना. जिवंत बाईचा फोटो म्हणजे निवडणुकीला उभी असल्यासारखं दिसतं, लोक काय म्हणतील, वगैरे. शेवटी म्हणाले, "काढ ते. माझ्या मेव्हण्याचा वाढदिवस हाय, तिथं त्याला टाक. काकूंचं काय, पुढंमागं टाकूच की. शेवटच्या पानावर."

शिवकन्येच्या डोक्यात तिडीक गेली. भांडावं तर पत्रकच हातातून जाणार आणि म्हातारीचा तो एक डोळा काही दादांच्या सवडीने थांबणार नाही. दादांची गाडी स्टँडवरून हलली आणि तिला ते तिसरं, तीनच पानांचं सभ्य सॉफ्टवेअर आठवलं. तिने मुकाट्याने चतुराबाईचं एक पान ऐसपैस करून तीन पानांचं केलं. पहिल्यावर फोटो, पुढच्या दोहोंवर बाभूळ, पातेलं आणि शिटी. दादांना चौथ्यावर ढकललं, पदाधिकारी आणि गॉगलवाले त्यांच्या मागे, आणि मेव्हण्याला दादांच्या हुकमाप्रमाणे सातव्यावर ठेवलं. मेंढरांच्या लसीची तारीख तेवढी तिसऱ्या पानाच्या तळाशी घेतली, कारण मेंढरांनी तिचं काही बिघडवलं नव्हतं. मग त्या तिसऱ्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ केली आणि सकाळी समाजाच्या ग्रुपवर सोडली.

जरा वेळाने फोन आला. "आमी कुठं हाव गं?"

"चौथ्या पानावर होताव, दादा. सॉफ्टवेअर फुकटचं हाय, तीनच पानं देतंय. रुपाया लागू देऊ नको असं तुमीच म्हनलावता."

दादा म्हणाले, "थांब, येतोच मी घरी."

दुकानाचं शटर ओढून शिवकन्या घरी गेली आणि मोबाइल चतुराबाईच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. म्हातारीने तो जवळ घेतला, लांब नेला, परत जवळ घेतला.

"नाक लई मोठं आलंय."

"हाय तेवढंच आलंय."

"कोकरू ग्वाड दिसतंय," असं म्हणून तिने पदराने स्क्रीन पुसली आणि पुन्हा बघत बसली. शिवकन्येला त्या क्षणी सासू फार आवडली, पण हे ती मेली तरी बोलणार नव्हती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि रडणं उठलं. आष्टीहून चतुराबाईची जाऊ मनकर्णा आली होती, चार बाया आणि दोन-तीन पुरुष घेऊन. 'समाजजागर'मध्ये बाईचा फोटो, म्हणजे बाई गेली. वाचायचं काय त्यात? आणि मयताच्या घरी फोन करून खरंच गेली का, असं विचारायचं तरी कसं?

"माजी वाघीण गेली गं! बाळंतपणात मला धा रोज उचलून न्हाऊ घातलंस गं! माज्या लेकराला अंगावर पाजलंस गं! आन् मी चांडाळीन तुज्याशी तीन सालं बोलले न्हाई गं!"

ऊर बडवत मनकर्णा दारात पोचली. ओट्यावर चतुराबाई मोबाइल घेऊन बसलेली. मनकर्णाचा ऊर बडवणारा हात तसाच वर राहिला.

"थांबू नको, मने," चतुराबाई म्हणाली, "लई चांगलं चाललंय. न्हाऊ घातल्याचं फिरून सांग, ही सून ऐकायलीय."

मनकर्णाने आधी तिला तोंड भरून शिवी दिली आणि मग गळ्यात पडून खरी रडली. एवढ्यात दादा भांडायला आले, ते कोपऱ्यावरूनच रडणं ऐकून विरघळले. चपला काढल्या, टोपी काढली आणि जीपमधून आलेल्या, ओशाळून माना खाली घालून बसलेल्या पुरुषांत जाऊन तेही मान घालून बसले. चतुराबाईने स्वतः चहाचा कप पुढे केला, तेव्हा त्यांनी तो घेतला, वर पाहिलं आणि निम्मा चहा धोतरावर सांडला.

"काकू, तुमी..."

"फोटू लई झ्याक छापलाव, रामप्रसाद. लेकरा, तुजे उपकार झाले."

आता त्यावर भांडण काय काढणार? दादांनी उरलेला चहा प्यायला.

मग चतुराबाई उठली. शिवकन्येला भाकरी थापायला सांगितलं आणि जमलेल्या सगळ्यांकडे त्या एका डोळ्याने नीट बघून घेतलं.

"रडून झालं न्हवं समद्यांचं? आता जेवून जावा. मी खरंच गेल्यावर कुनी न्हाई आलाव तरी चालंल."