तीन खडू आणि एक हात: सोलापूर ते मुरूम

गेल्या डिसेंबरात सोलापुरातल्या एका क्लबाच्या पूल स्पर्धेत मी सेमीफायनल हरले, तीही शेवटच्या काळ्या बॉलवर. पांढऱ्या बॉलच्या तळाला मारून तो मागं ओढायचा होता. मारला, आणि 'टिक्' असा कोरडा आवाज आला. क्यूचं, म्हणजे खेळायच्या काठीचं, टोक पांढऱ्यावरनं घसरलं आणि तो बिचारा भलतीकडंच गेला. याला मिसक्यू म्हणतात. मागच्या खुर्च्यांतनं कुणीतरी हळूच म्हणालं, "काकूंचा हात थरथरला रे."

पूल खेळणाऱ्या बाईला लोक काय काय बोलतात त्याची मला सवय आहे. टेलिफोन ऑफिसच्या रिक्रिएशन क्लबात सव्वीस वर्षं खेळले, तेव्हापासून ऐकतेय. पण हे वाक्य जिव्हारी लागलं. माझ्या वडिलांना, अण्णांना, छप्पन्नाव्या वर्षी कंपवात सुरू झाला. आधी बशीवर कप वाजायला लागला, मग शर्टाची बटणं लागेनात, मग सही जमेना. मी आता पंचावन्न पूर्ण केलीत. खरं सांगते, त्या दिवशी घरी येऊन मी बाथरूमचं दार लावून दोन्ही हात पुढं धरून बघत बसले होते.

हे फक्त वैजूला सांगितलं. वैजू माझी नणंद, वयानं माझ्याएवढीच, शाळेत गणित शिकवते आणि गाडी झकास चालवते. ती म्हणाली, "वहिनी, तू सरळ डॉक्टरकडं चल."

"आधी खडू तपासू. त्या दिवशी नवा खडू होता."

"नाचता येईना अंगण वाकडं!"

"असू दे वाकडं. मोजून तरी बघू."

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: क्यूच्या टोकाला चामड्याची छोटी गोल टोपी असते, तिला टिप म्हणतात. ती बॉलवर घसरू नये म्हणून तिला खडू लावतात. फळ्यावरचा नव्हे, हा चौकोनी वडीसारखा असतो आणि चांगलाच खरखरीत. दहा-वीस रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत एकेक वडी मिळते, आणि कुठला खडू बरा यावर खेळाडू चहाचे चार-चार कप रिचवतात. आमचा करार ठरला. तीन जातींचे खडू घ्यायचे, प्रत्येक खडू लावून पांढऱ्याच्या तळाला तीस शॉट मारायचे, वैजू मिसक्यू लिहून ठेवणार. कुठल्याच खडूनं निभावलं नाही तर क्यू विकायची आणि गुपचूप डॉक्टर.

सोलापुरात ओळखीच्या माणसांसमोर हे करायची मला लाज वाटत होती. शिवाय ज्यांनी मला हरवलं ते मुरूमचे हमीदभाई, साठीचे शिंपी, हात मिळवताना म्हणाले होते, "ताई, मुरूमला या. आपल्या टेबलावर पुन्यांदा खेळू." वैजूला तेरचं म्युझियम बघायचं होतं, संक्रांतीची जोडून सुट्टी होती. निघालो.

पहिला दिवस, धाराशिव. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रस्ता आता गुळगुळीत आहे, आरामात गेलात तरी दीड तास. तुळजापूरच्या पुढं एका टपरीवर गरमागरम सुशीला खाल्ली. मुरमुऱ्यांची ही फोडणी मराठवाड्यात आल्याशिवाय खरी कळत नाही, वर शेंगदाणे आणि लिंबू. दोघींचे चहासकट ऐंशी रुपये. धाराशिवात मोबाइलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर पूल क्लब सापडला. तासाला एकशे वीस. काउंटरवरच्या गृहस्थांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

"म्याडम, कुणाला घ्यायला आलाव?"

"टेबल घ्यायला," वैजू म्हणाली.

पहिला खडू हिरवा, सगळ्यात स्वस्त. मऊ, भुसभुशीत, लावला की कापडावर भुकटी सांडते. दर शॉटला लावावा लागतो. तीस शॉटांत तीन मिसक्यू. दुसरा निळा, मधल्या किमतीचा, जरा घट्ट. चार. तिसरा तो महागडा, अडीच हजारांचा, स्पर्धेसाठी मी हौसेनं घेतलेला. हा एकदा लावला की चार-पाच शॉट टिकतो असं सगळे सांगतात. माझे नऊ मिसक्यू झाले. नऊ! वैजू म्हणाली, "तू दमली असशील. उलट्या क्रमानं दहा-दहा मार." तेही केलं. पुन्हा महागड्यालाच सगळ्यात जास्त.

शेजारच्या टेबलावरचा एक दाढीवाला खेळाडू मघापासून बघत होता. वाईट बोलायचं म्हणून नव्हे, आपुलकीनंच म्हणाला, "भारी खडूला हात बी तसाच लागतोय, म्याडम. हलका खडू चालवून घेतोय."

माझं तर अवसानच गळालं. वैजू समजावत राहिली की खडूप्रमाणं आकडा बदलतोय म्हणजे एकट्या हाताचा दोष नाही. गणित बरोबर असेल हो, पण भीतीला गणित कळत नाही. त्या दिवशी जेवायला बोकडाचं झणझणीत मटण आणि ज्वारीची भाकरी होती. इथल्या मटणाची ख्याती सगळीकडं आहे आणि ती रास्त आहे, असं वैजू म्हणते. मला चव आठवत नाही. लॉज अकराशे रुपये, स्वच्छ, गरम पाणी सकाळी आठपर्यंतच, तेव्हा लवकर उठा.

दुसरा दिवस, तेर आणि माकणी. धाराशिवहून तेरला एसटीही जाते. गाडीनं पाऊण तास. तेरणेच्या काठचं हे गाव पार सातवाहनांच्या काळापासूनचं. म्युझियममध्ये मातीच्या नि पांढऱ्या शाडूसारख्या मातीच्या इवल्या इवल्या बाहुल्या आहेत. करंगळीएवढ्या चेहऱ्यावर कुणी कोरून नीट केस विंचरलेत, कानात दागिने घातलेत. वैजू एकेक पाटी मन लावून वाचत होती. मी मात्र काचेसमोर उभी राहून दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराच्या हातांचा हेवा करत होते. इतका हेवा मी जन्मात कुणाचा केला नसेल.

दुपारी माकणीला वैजूच्या मैत्रिणीच्या, शकुंतलाबाईंच्या शेतात हुरड्याला गेलो. निम्न तेरणा धरणाचं पाणी जवळच, हवा गार. आगटीच्या विस्तवात भाजलेली कणसं हातावर चोळून शकुंतलाबाई दाणे पुढं करत होत्या, सोबत शेंगाची चटणी आणि गूळ. मग त्यांनी काठोकाठ भरलेला ताकाचा पेला दिला. मी घेतला आणि सांडला. थोडासाच, पण सांडला.

"आवं, गारठलाव जणू तुमी! आगटीजवळ सरका," शकुंतलाबाई म्हणाल्या.

वैजूनं बघितलं आणि नजर धरणाकडं वळवली. धरण बघितलं, छान आहे, संध्याकाळी पक्षी फार येतात. मी मनात क्यू किती रुपयांना जाईल त्याचा विचार करत होते. मुक्काम शकुंतलाबाईंकडंच केला.

तिसरा दिवस, मुरूम. माकणीहून लोहाऱ्यावरून मुरूमला जाताना रस्त्याची काही खात्री देत नाही. चांगला लागतो लागतो म्हणेपर्यंत खड्डा. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम, उसाच्या ट्रॉल्या पुढं असल्या की ओव्हरटेकची घाई करू नका. मुरूम म्हणजे भरगच्च बाजारपेठ, अर्ध्या लोकांच्या तोंडी मराठीबरोबर कानडी. हमीदभाईंचं दुकान पहिल्याच माणसानं दाखवलं.

"या या ताई! बसा. एवढं एक ब्लाउज कापून देतो, बाई वाट बघाल्यात," हमीदभाई म्हणाले. चहा आला. मी बाकावर बसून त्यांचं काम बघत राहिले.

शिंप्याचा खडू चपटा असतो. त्यांनी तो कापडावर आडवा धरला आणि कडेनं ओढला. सरळ रेघ. मग मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायचा, गोल भाग आला तसा त्यांनी मनगट वळवून खडू तिरका केला आणि कडेकडेनं पुन्हा ओढला. खडू एका जागी टेकवून गरगरा फिरवला नाही. एकदाही नाही.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी कसा लावते खडू? गरगरा फिरवून! ऑफिसात सगळे तसेच लावायचो. तिथले खडू वर्षानुवर्षं वापरून मधोमध खळगा पडलेले, मऊ. टिप त्या खळग्यात घातली की कडेलाही आपोआप खडू लागायचा. नवा खडू सपाट आणि कडक. त्यावर क्यू फिरवली तर फक्त टिपच्या माथ्याला लागणार, कडा कोरड्याच. आणि पांढऱ्याच्या तळाला मारताना बॉलला लागते ती टिपची कडच!

मी चहा खाली ठेवला, पिशवीतनं क्यू काढून टिप उजेडात धरली. खडू फक्त माथ्याला, भोवती उघडं तपकिरी चामडं. स्वच्छ दिसत होतं. इतके दिवस हात निरखून बघत होते बाई मी, टिपकडं एकदाही बघितलं नव्हतं! वैजूला दाखवलं. ती दुकानात सगळ्यांदेखत ओरडली, "अगं वहिनी, अगदीच कशी गं तू!" ब्लाउजवाल्या बाई दचकल्या.

हमीदभाईंना मी काही बोलले नाही. क्लब बाजाराच्या मागच्या गल्लीत, एकच टेबल, कापड दोन ठिकाणी रफू केलेलं, आणि ते रफू त्यांनीच केलेलं. तिथला रिवाज असा की खडू खिशात ठेवायचा नाही. ज्यानं आणला त्यानं टेबलाच्या काठावर ठेवायचा, दोघांनी वापरायचा. मी महागडाच ठेवला.

तीनात दोन जिंकायचे. पहिला गेम हमीदभाईंनी घेतला. माझं लक्ष अजून खडूतच होतं. दुसरा मी घेतला. तिसऱ्यात दोघांचेही बॉल संपले आणि उरला काळा, मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, पांढरा बरोबर त्याच्या रेषेत. सरळ मारला तर काळ्यामागोमाग पांढराही आत आणि गेम त्यांचा. तळाला मारून मागंच ओढायला हवा होता. शप्पथ सांगते, अगदी सोलापूरचाच शॉट. जमलेली दहा-पंधरा माणसं टेबलाजवळ सरकली.

मी खडू उचलला. पोळीला तूप लावताना काठापर्यंत लावतो ना, तसा टिप थोडीथोडी वळवत कडेकडेनं ओढून लावला. टिप उजेडात धरून बघितली. कुठंही चामडं दिसत नव्हतं. वाकले आणि मारला.

ठक्! गोल, भरलेला आवाज. काळा आत गेला आणि पांढरा जागीच थबकून, भिंगरीसारखा फिरत, वीतभर मागं आला. माझ्याकडं!

वैजूनं तोंडात बोटं घालून अशी शिट्टी मारली की गणिताच्या बाईंच्या विद्यार्थ्यांनी ऐकायला हवी होती. मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. हमीदभाई दोन्ही हात वर करून हसत होते.

"शिकलाव व्हय ताई! लई बेस!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सोलापुरातच दिसलं की. टिपची कड उघडी होती तुमची."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"आता मॅचमदी कोण सांगतंय हो? म्हणून तर मुरूमला या म्हणलो."

"आणि हात? हात थरथरला म्हणत होते लोक."

त्यांनी माझ्या हातांकडं बघितलंसुद्धा नाही. "चाळीस वर्षं सुई धरलीया म्या. थरथरता हात म्या लांबनं वळखतो. तुमचा न्हाय."

तिथंच मला रडू आलं. लोक जिंकल्यावर रडतात तसलं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ते बरं झालं.

मग पुन्हा तीस-तीस शॉट मारले, पण नव्या पद्धतीनं. महागडा शून्य, निळा एक, हिरवा दोन. तेव्हा विचाराल तर माझं मत असं. नीट लावता येत असेल तर महागडा राजा आहे, पण त्याचे डाग बॉलला चिकटतात, फडकं जवळ ठेवा. रोजच्या खेळाला निळा पुष्कळ झाला. हमीदभाईही तोच वापरतात. हिरवा शिकणाऱ्यांना ठीक, मात्र कापडाची माती करतो. आणि कुठलाही घ्या, फिरवू नका, ओढा. जेवायला हमीदभाईंनी घरी नेलं. त्यांच्या पत्नीनं गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली घट्ट खीर, केली होती, तूप सढळ. मी तीन वाट्या खाल्ल्या, आणि या वेळी चव आठवते.

परतीला नळदुर्गवरून हायवेनं दोन तास. तीन दिवसांचा खर्च दोघींचा साडेसहा हजारांच्या आत, डिझेलसकट.

वैजूनं डॉक्टरकडं नेलंच. खडूनं निभावलं, तेव्हा कराराप्रमाणं जायची गरज नव्हती, पण मीही आढेवेढे घेतले नाहीत. त्यांनी हात पुढं करायला लावले, गोल गोल चक्र काढायला लावलं, चालायला लावलं आणि म्हणाले, काही नाही, मजेत राहा. ताक त्या दिवशी थंडीनंच सांडलं असणार. पुढं कधी काही झालंच तर बघू, पण आज काही नाही.

छप्पन्नावं वर्ष लागल्यापासून मी अण्णांचा फोटो पुसायचं काम सुनेवर ढकलत होते, कारण फोटो बघितला की त्यांचे हातच आठवायचे आणि लगेच माझे. परवा मी तो स्वतः उतरवला, पुसला आणि बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. अण्णा किती मोकळं हसायचे, हे मी विसरूनच गेले होते.