आधी खुर्च्या बाहेर काढा

"आधी खुर्च्या बाहेर काढा," नव्या खोलीत पाऊल टाकताच मॅडम म्हणायच्या. दोनच ठेवायच्या. एक त्यांची, दुसरी तक्रार घेऊन आलेल्या बाईची. मी त्यांची रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारी हवालदार. मी खिडकीच्या कट्ट्यावर टेकायची.

डीवायएसपी झाल्या तरी हेच. निवृत्तीनंतर कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या महिला तक्रार समितीवर गेल्या, तोवर मीही निवृत्त झाले होते, तिथेही मला सोबत नेलं आणि चेअरमनसाहेबांना व्हरांड्यात बसवलं. "चहा घ्या तोवर. साखर तुमचीच आहे."

लोक म्हणायचे, बाईच्या डोक्यात खाकी गेलीय. तुम्हीही तेच म्हणाला असता. खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते सांगायचं तर माझंही सांगावं लागलं असतं.

आम्ही नगरला महिला कक्षात असताना पुणतांब्याची एक मुलगी आली होती. नवरा मारायचा. समेटाच्या दिवशी सासरा, दीर, मामा, बाप, सगळे खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसले.

"नांदायला जातेस ना, बाळ?" मॅडमनी विचारलं.

तिनं बापाकडे पाहिलं. "व्हय."

"लई उपकार झाले, म्याडम," बाप म्हणाला. मॅडमनी मी लिहिलेल्या जबाबाखाली सही केली.

महिन्याभरात तिला सासरच्या विहिरीतून काढलं. निरोप आला तेव्हा मॅडम जेवत होत्या. त्यांनी डबा तसाच झाकला. दुसऱ्या दिवसापासून खुर्च्या बाहेर गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात केडगावला त्यांच्या घरी गेले. दुखणं शेवटाला आलं होतं. खाटेभोवती मुलं, सुना, शेजारी. मला पाहून त्या पुटपुटल्या, "खुर्च्या बाहेर काढा." सगळे हसले आणि उठून गेले.

"एकटीला विचारलं असतं, तर काय म्हणाली असती गं ती?"

मला रडू फुटलं. "मॅडम, 'स्वखुशीने नांदायला जात आहे' हे मी ती यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. वेळ वाचायचा म्हणून. आम्ही सगळ्या तसंच करायचो."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "शाई वाळलेली होती. तरी सही केली मी."

मग त्यांनी माझा हात धरला. तो किती वेळ धरला होता, मला सांगता येणार नाही.

त्यांच्या दहाव्याला मांडवभर खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे बसा बसा म्हणत होते. मी उभीच राहिले.