मिश्रणातलं तिसरं

हा किस्सा मी वऱ्हाडभर सांगितलाय — लग्नांच्या पंगतीत, आगगाडीच्या डब्यात, परीक्षकाच्या नकलेसकट. पण एक वाक्य दर वेळी गाळलं. ते आजवर कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. सांगतो... जरा उभा राहतो, बसून जमत नाही.

अमरावतीला इंटर सायन्सला होतो आम्ही. माझ्या शेजारच्या टेबलाशी महादेव — अकोल्याच्या भाजीमळ्यातला, वर्गात पहिला. बापानं त्याला बजावलं होतं, नापास झालास तर थेट मळ्यात. हे मला ठाऊक होतं. लक्षात ठेवा, ठाऊक होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येकाला एक पुडी — दोन पदार्थांचं मिश्रण, ओळखून दाखवायचं. महादेवच्या पुडीत मोरचूद आणि सोरा. झटकन ओळखणार होता तो! आणि मी? मी माझी पुडी हुंगत होतो. खिशात पेरूबरोबर खायला आणलेलं मीठ होतं. तो पाणी आणायला वळला... गंमत म्हणून, असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं! गंमत कसली? जळत होतो मी. चिमूटभर मीठ त्याच्या पुडीत टाकलं.

महादेवनं तिन्ही पदार्थ शोधले. अचूक! परीक्षक पुण्याकडचे, नाकात बोलणारे.

"दोनच आहेत. हे मीठ खोडा, पास करतो."

"हाये तं हाये, साहेब. सापडलं ते लिवलं. काहून खोडू?"

त्यांना वाटलं, उर्मट आहे. माझ्याकडे वळले — "काय हो, याच्या पुडीत काही पडलं का?"

अजून काय हवं होतं मला? एक ‘हो’ म्हटलं असतं तर तो वाचला असता. मी म्हणालो, "नाही, सर."

तो नापास झाला. बडनेरा स्टेशनावर गाडीची वाट पाहताना त्यानं विचारलं, "खरं सांग बापा, तुले काय वाटते? होतं का मीठ?"

"नसन. हात चुकला असन तुया."

तो मान हलवत राहिला. आणि त्यानं ते मानलं. पुढं तोच माझा किस्सा ऐकून सगळ्यांत मोठ्यानं हसायला लागला.

परवा त्याच्या मळ्यात गेलो होतो. थोरला मुलगा मॅट्रिक झालाय, सायन्सला जायचं म्हणतो. महादेव त्याला म्हणाला, "नोको रे. आपल्या घरच्याईचा हात त्यात बसत नाही. इचार काकाले, ते होते तिथं."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो नाही. उठलो, नाक चिमटीत धरलं आणि परीक्षकाची नक्कल करून दाखवली.