सीतावहिनींचा खोकला

फोन दादांचा होता. आमचे थोरले दादा फोनवर बोलतात तेव्हा आपला आवाज पुसेगावहून हिंगोलीपर्यंत फोनशिवायच पोचावा, असा त्यांचा प्रयत्न असतो. त्या सकाळी मात्र मला मोबाइल कानात खुपसून घ्यावा लागला. "बाळू... आपली सीता गेली रे," एवढंच ते म्हणाले. मी शाळेला निघालो होतो, एका पायात बूट होता, दुसरा हातात. वहिनी झोपेतच गेल्या हे नंतर कळलं. त्या क्षणी माझ्या डोक्यात भलतंच आलं, की दादांनी त्यांचं नाव घेतलं! इतकी वर्षं त्या आमच्या घरात होत्या आणि दादांच्या तोंडून ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

सीतावहिनी म्हणजे माझ्या मधल्या भावाची, गणपतची बायको. दादा त्यांचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. वयानं आम्हा दोघा धाकट्या भावांच्या बापाच्या जागचे. आमच्याकडं भावजय भासऱ्याशी थेट बोलत नाही. दादा घरात शिरताना उंबऱ्यापाशी खाकरायचे, वहिनी पदर पुढं ओढून आत सरकायच्या. काही विचारायचं झालं तर दादा माझ्याकडं, आणि मी नसलो तर खांबाकडं बघून म्हणायचे, "बी निवडून झालं का, इचारा." वहिनी दाराआडून भांडं वाजवून होकार द्यायच्या. यात कुणाचा कुणावर राग नव्हता. माया होती, पण तीही दाराआडची. माझ्याशी मात्र त्या पोटभर बोलायच्या, कारण धाकट्या दिराला घरात माणसात धरत नाहीत. माझ्या लग्नात "नवरदेवाच्या आधी त्याचं पोट मांडवात आलं" हे जाहीर करणाऱ्या त्याच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांना दम लागू लागला. आधी शेतातून येताना, मग विहिरीवरून, मग नुसतं पीठ मळताना. लहानपणी कधी तरी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप बिघडली होती म्हणे. ती बदलायची, आणि त्यासाठी छाती उघडायची. हैदराबादचं मोठं हॉस्पिटल ठरलं. सोबत माझी बायको जाणार होती, पण ऐन वेळी आमच्या दोन्ही लेकरांना कांजिण्या निघाल्या. दादांची बायको तर कधीचीच वारलेली. शेवटी एका बाईमाणसाच्या ऑपरेशनला आम्ही तीन पुरुष निघालो, आणि त्यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

गणपतनं ऑपरेशननंतर काचेतून बायकोच्या अंगाला लागलेल्या नळ्या पाहिल्या आणि तो जागीच बसला. दादांनी त्याला धर्मशाळेत खिचडी शिजवायच्या कामाला लावलं. माझी नेमणूक हिंदीसाठी होती. मी शाळेत हिंदी शिकवतो, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी मी सिस्टरला विचारलं, "हमारे पेशंट को अब कैसा वाटता है?" ती माझ्याकडं बघतच राहिली. मग निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेलेले दादा पुढं झाले. "बेटी, इनकी तबीयत का हाल जरा तफसील से बोलो." ती तेलुगू पोरगी इतकी खूश झाली की तिनं दादांसाठी स्वतः स्टूल आणलं. त्या स्टुलानंच पुढं घात केला.

वहिनींना अतिदक्षता विभागातून खोलीत आणलं, तसे दादा पलंगाजवळ त्या स्टुलावर बसले ते बसलेच. डोक्यावर टोपी, मांडीवर हात, नजर सलाइनच्या बाटलीवर. "घरची सून हाय. परमुलखात एकली कशी सोडू?" असं ते मला सांगत, म्हणजे खरं तर वहिनींनाच सांगत. वहिनी टाके घातलेल्या छातीवर पदर धरून, सलाइनच्या हातानं तो डोक्यावरही ओढून, डोळे मिटून पडलेल्या.

डॉक्टरांनी बजावलं होतं की आता खोकणं हेच औषध. उशी छातीशी घट्ट धरायची आणि जोरानं खोकून कफ बाहेर काढायचा. नाहीतर तो फुप्फुसात साचतो. सिस्टर दर थोड्या वेळानं येऊन म्हणायची, "अम्मा, खाँसो!" वहिनी मान हलवायच्या आणि ओठ आणखी घट्ट मिटायच्या. आम्हाला वाटलं, दुखत असेल. मी शिक्षक असल्यानं प्रात्यक्षिक करून दाखवायचं ठरवलं. उशी पोटाशी धरली आणि असा खोकलो, असा खोकलो, की शेजारच्या पलंगावरच्या बाईनं नातवाला माझ्यापासून लांब ओढलं. सिस्टर धावत आली. "आप मत खाँसो! अम्मा को खाँसना है!"

दुसऱ्या दिवशी ताप चढला. श्वास घेताना वहिनींच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे फोटो काढून घेतला, उजेडात धरला आणि मला बाहेर बोलावलं. कफ असाच राहिला तर पुन्हा नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, म्हणाले, आणि त्यातून पेशंट परत येईलच असं सांगता येत नाही. मी व्हरांड्यात उभा राहिलो.  गावी वहिनींची दोन पोरं शेजाऱ्याकडच्या फोनजवळ बसून असणार... त्यांना काय सांगू? तुमची आई ऑपरेशनातून वाचली, पण तिला खोकता येईना?

सकाळी दादा अंघोळीला गेले. मी दाराशी उभा होतो, तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, दबलेला, पण खोकल्याचा. वळून बघतो तर वहिनी दोन्ही हातांनी उशी छातीशी आवळून खोकत होत्या. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवणार होतो. तेवढ्यात दाराबाहेर दादा सवयीनं खाकरले. वहिनींनी पदर ओढला, तोंड मिटलं आणि घशाशी आलेलं सगळं डोळ्यांत पाणी येईपर्यंत परत गिळलं.

दादा चहा घ्यायला गेले तेव्हा मी विचारलं, "वहिनी, दादांमुळं व्हय?"

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "त्येंच्यासमोर तोंड वासून खोकू काय भाऊजी? आन् बेडका काढू?"

"जीव जाऊन राहिलाय तुमचा!"

"मंग जाऊ द्या. पर त्येन्ला सांगू नका. माज्यासाठी एवढे बसून राहिलेत, आन् मीच उठा म्हणू? तुमाला माज्या लेकराची आण हाय."

झालं! आता माझ्याच छातीत दुखायला लागलं. मी दादांना शहाळं आणायला पाठवलं, तर ते मी उशी नीट लावेपर्यंत परत हजर. देवळात जाऊन या म्हटलं, तर म्हणाले, "देवाला हितूनबी दिसतंय." बाहेर पेपर वाचत बसा म्हटलं. ते म्हणाले, "तू मला काहून हाकलून राहिलास?" दुपारी ताप आणखी वाढला आणि सिस्टरनं ऑक्सिजनचा मास्क लावला. तेव्हा मात्र आण मोडून मी दादांना जिन्यापाशी नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

दादा कठड्याला धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "म्हंजी मीच?" ते म्हणाले. "मी राखण करून राहिलो म्हणून बसलो होतो, आन् मीच?"

मला वाटलं, आता ते खाली जाऊन बसतील. पण ते खोलीकडं वळले. दारात खाकरले नाहीत. सरळ पलंगाशी गेले, डोक्यावरची टोपी काढून स्टुलावर ठेवली आणि उघड्या डोक्यानं वहिनींसमोर उभे राहिले. वहिनी पदराकडं हात नेत होत्या. दादांनी खोकायची उशी उचलून त्या हातात दिली.

"खोक, माय," ते म्हणाले. खांबाला नाही, मला नाही. "मी तोंड फिरवणार न्हाई. फिरवलं तर तू पुन्यांदा गिळशील."

वहिनी हलल्या नाहीत. मग दादांनी काय करावं? त्यांनी स्वतःच खोकायला सुरुवात केली. वर्षानुवर्षांच्या बिडीनं कमावलेला तो खोकला, पाठ वाकली, डोळे बाहेर आले, धोतराचा सोगा सुटला, आणि शेवटी त्यांनी वहिनींच्या देखत पलंगाखालच्या भांड्यात थुंकून दाखवलं. "हं! आता तुजी पाळी."

मास्कच्या आत वहिनींना हसू फुटलं. हसताना टाके ओढले, त्या कळवळल्या, आणि त्या कळवळण्यातूनच पहिला खरा खोकला आला. मग दुसरा. सिस्टर येऊन पाठ थोपटू लागली. दादा भांडं धरून उभे होते. "अजून, माय. अजून. लई चांगलं." एखाद्या पोराला पोहायला शिकवावं तसे ते बोलत होते. मी बाहेर गेलो, कारण घरात रडणाऱ्याची जागा आधीच गणपतनं घेतलेली होती.

ताप एकदम उतरला नाही. आणखी काही दिवस आम्ही तिघं त्या फोटोंकडं निकाल लागल्यासारखे बघत होतो. पण मशीन लागलं नाही. नांदेडपर्यंत रेल्वे, पुढं जीप. वारंगा फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा दादांनी मागं वळून विचारलं, "तुला बिस्कुट पायजे का?" वहिनी आधी माझ्याकडं बघायला लागल्या. मग त्यांनीच "नको" म्हटलं. ड्रायव्हरला त्यात काही विशेष वाटलं नाही. गणपतच्या हातून कप सुटला.

घरी आल्यावर पदर परत आला, दार परत आलं, सगळं पहिल्यासारखं झालं. एकच गोष्ट झाली नाही. डॉक्टरांनी वहिनींचं मीठ तोडलं होतं. त्यांच्यासाठी वेगळी भाजी होऊ लागली, तेव्हा दादांनी आपलं ताट तिच्यातलंच वाढायला सांगितलं. "एका घरात दोन भाज्या कशाला?" पुढं अख्खं घरच अळणी जेवायला लागलं. मी पुसेगावला जाताना लोणच्याची पुडी खिशात नेई आणि वहिनी ती बरोबर पकडत.

वहिनींचे दिवस झाल्यावर परवा गेलो होतो. गणपतच्या सुनेनं पानं वाढली. वांग्याची भाजी होती, अळणीच. ती म्हणाली, "काका, मीठ देऊ का?" माझा हात पुढं गेला. दादा ताटावरची नजर न उचलता म्हणाले, "घे की. आता कोण पाहून राहिलंय तुला?"

मी चिमूटभर मीठ ताटाच्या कडेला ठेवलं. दादा घास मोडून अळणी भाजीला लावत होते. जेवण संपलं, सुनेनं ताट उचललं, तरी ते मीठ कडेला तसंच होतं.