रडून न दाखवणाऱ्या टेंबेबाई

प्रा. सुलोचनाबाई टेंबे यांना मी प्रथम पाहिलं ते त्यांच्या जयनगरच्या घरी, शनिवारच्या वाचनवर्गात. पुण्याहून इथे कानडी मुलखात, सरकारी कारखान्यात मी नुकताच बदलून आलो होतो. मराठी ऐकायला कान आसुसले होते, म्हणून गेलो. कविता-बिविता असतील असं वाटलं होतं. बाई मात्र अमेरिकेतल्या गुलामांवरची एक कादंबरी तोंडीच मराठी करून वाचत होत्या. एका बाईचा मुलगा बाजारात विकला जातो, तिथे थांबून त्यांनी विचारलं, "आता ही काय करेल?"

"रडेल," आम्ही सगळे म्हणालो.

"रडायला स्वतःचा वेळ लागतो. हिचा वेळ मालकाचा आहे," असं म्हणून बाईंनी पान उलटलं. पुढच्या पानावर ती बाई मका दळायला बसली होती.

गुलामगिरीवरच्या कादंबऱ्यांतली माणसं दुःख कसं सोसतात, हा बाईंचा आयुष्यभराचा अभ्यासविषय. कोणी लिलावाच्या चौथऱ्यावर विनोद करतं, कोणी विकलेल्या लेकीचं नाव पुढच्या लेकीला ठेवतं, कोणी बोलणंच सोडतं. वाचक अशांना निर्ढावलेले म्हणतात याची बाईंना भयंकर चीड. त्या म्हणायच्या, "अश्रू पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या दुःखावर विश्वास ठेवायचा नाही, ही मालकाची खोड." हे वाक्य आमच्या वर्गात सर्वांनी माना डोलावून ऐकलं. माना डोलवायला आपल्या लोकांचं काही जात नाही.

त्या वर्षी आपल्या इथल्या मराठी मंडळाने गणेशोत्सवात बाईंचं याच विषयावर व्याख्यान ठेवलं होतं. बाईंना कॉलेजात पाठ्यपुस्तकाबाहेर कोणी बोलू दिलं नव्हतं, त्यामुळे या व्याख्यानासाठी त्या वर्षभर खपत होत्या. पत्रिका छापून झाल्या आणि बाईंची एकुलती एक मुलगी ऋता होसकोट्याच्या रस्त्यावर अपघातात गेली. ती तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. बाईंनी गॅस पेटवून सगळ्यांसाठी चहा टाकला होता. डोळे कोरडे. बायकांमध्ये चुळबुळ सुरू झाली. मंडळाच्या जुन्या सभासद गोदाक्का, मन मोठं पण पद्धत कडक, त्या पुढे झाल्या. "टेंबेबाई, स्वल्प रडा हो. आत राहिलं तर डोक्यात जातंय ते." मग कोणीतरी आतून ऋताची साडी आणून बाईंच्या मांडीवर ठेवली. रडवायची आपली ही पद्धत मी लहानपणापासून पाहत आलोय, पण इतकी निर्दय ती मला कधी वाटली नव्हती. बाईंनी साडीची घडी नीट केली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "चहा घ्या, गार होतोय."

जिना उतरेपर्यंत निकाल लागला होता. दगड आहे बाई. पोटच्या पोरीसाठी डोळ्यांतून टिपूस नाही. चारच दिवसांत मंडळाने व्याख्यान रद्द केलं. सुतकाचं कारण दिलं असतं तर मी समजून घेतलं असतं, जरी व्याख्यानाच्या तारखेपर्यंत सुतक फिटत होतं आणि बाई बोलायला तयार होत्या. पण खुद्द अध्यक्ष मला म्हणाले, "अहो, जिला स्वतःला काही वाटत नाही, ती दुसऱ्यांच्या दुःखावर काय बोलणार?" त्या दिवशी व्याख्यानाऐवजी नाट्यगीतं झाली. भरपूर टाळ्या पडल्या.

पुढच्या वर्षी पुण्यात माझे वडील गेले. तिकीट मिळेना, मला अंत्यदर्शनही मिळालं नाही. बाई दुपारी आमच्या क्वार्टरवर आल्या, माझ्या पत्नीसमोरचं मटार सोलायचं सूप पुढ्यात ओढलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर सोलत बसल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. मधेच मला रडू आलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. असा आधार मला पुन्हा कोणी दिला नाही, आणि या माउलीला दगड म्हणणाऱ्यांना मी अजून क्षमा केलेली नाही.

आता बाईंची साठी. तेच मंडळ, तोच हॉल, आणि हा गौरवग्रंथ. "मंगल प्रसंग आहे, दुःखाचं काही लिहू नका," असं संपादकांनी मला फोनवर बजावलं. पण बाईंच्या आयुष्यातून दुःख वगळलं तर गौरव कशाचा करायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. ते हा लेख छापतील की नाही, मला ठाऊक नाही.

सत्काराला उत्तर म्हणून बाईंना पाच मिनिटं दिली आहेत. परवा मी विचारलं, "बाई, आभाराचे दोन शब्द बोलाल ना?"

"आभार कसले? मी ते राहिलेलं व्याख्यान देणार आहे," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटांत बसणार नाही. तास लागेल."

तर मंडळींनो, टेंबेबाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे आणि आवाज शाबूत राहोत. आणि त्या दिवशी बाई कादंबरीतल्या विकलेल्या लेकीबद्दल बोलतील तेव्हा, मागच्या रांगेतल्यांनी तरी, त्यांचे डोळे भरले का हे पाहायला माना उंच करू नयेत.