टचलाइनवरचा बाबा

लाज वाटावी असे किस्से माणूस विसरायला बघतो. माझ्याकडे दोन सीझनमध्ये इतके साठलेत की आता मित्रमंडळींत मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा ते बरं!

तर, मी लंडनच्या हॅरोत राहतो आणि जवळच्या ब्रॅकनेल गावात आयटीत मॅनेजर आहे. माझी अकरा वर्षांची सई मुलींच्या रग्बी लीग टीममध्ये खेळते. कोच जोन, मूळची यॉर्कशायरची, तिकडच्या रीतीने कोणालाही 'लव्ह' म्हणणारी, रिटायर्ड पोस्टवुमन. तिला असिस्टंट हवा होता, मी हात वर केला. जन्मात रग्बीचा बॉल धरला नव्हता, पण ऑफिसात पंधरा माणसं सांभाळतो ना! हा माज.

*

पहिल्याच महिन्यात मी मुलींचं अप्रेझल केलं. हो, अप्रेझल! एक्सेल शीट, प्रत्येकीच्या नावापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा रंग, आणि सगळ्या पालकांना ईमेल. पक्षपात नको म्हणून सईला लाल दिला.

जोन त्याची प्रिंट घेऊनच आली. "एमिलीला लाल का?"

"टॅकल करताना डोळे मिटते."

"गेल्या महिन्यापर्यंत ती टॅकलच करत नव्हती, लव्ह. आता निदान डोळे मिटून करते. माझ्या लेखी ती हिरवी!"

त्या ईमेलची आठवण झाली की अजून कान तापतात.

*

रग्बी लीगमध्ये बॉल असलेल्या टीमला सहा टॅकल मिळतात, म्हणजे बॉलवालीला सहा वेळा धरून पाडलं की बॉल समोरच्यांकडे जातो; म्हणून पाचव्यानंतर तो लांब किक करून टाकायचा. एवढं मी पाठ केलं होतं. म्हणून एका मॅचला टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरून, ओरडत होतो, "चार! पाच! किक मार, किक!" एमिलीने बिचारीने मारली. बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात. आणि खरं तर टॅकल झाले होते तीनच!

ती रडायला लागली. मी इकडेतिकडे बघत बसलो. जोनने सगळ्यांना जवळ घेतलं आणि म्हणाली, "चूक माझी. मोजायचं काम मी चुकीच्या माणसाला दिलं."

ऑफिसात अशा वेळी मी क्लायंटला सांगतो, "टीमकडून राहिलं."

*

मग आम्ही एक छोटा कप जिंकलो. मी कप हातात घेऊन फोटो काढला आणि वर लांबलचक पोस्ट टाकली: उत्तम लीडर कसा असावा! सात मुद्दे!

माझ्या बायकोने, मधुराने, ती शांतपणे वाचली. "फोटोत मागे वाकून केळ्याची सालं उचलतेय ती कोण रे?"

"जोन."

"अच्छा, म्हणजे पोस्ट तिच्याबद्दल आहे होय!"

दहा मिनिटांत डिलीट केली. तोवर बॉसने लाइक केली होती.

*

यात हसण्यासारखं नाही ते एवढंच. मॅचनंतर घरी जाताना मी सईच्या चुका एकेक करून सांगायचो. ती आधी उत्तरं द्यायची, मग हूं हूं, मग कानात हेडफोन.

एके दिवशी मधुरा म्हणाली, "पुढच्या सीझनला खेळायचं नाही म्हणते."

"का? आवडत नाही?"

"खेळ आवडतो. तू बोलतोस ते आवडत नाही."

खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू! सईला मी काही विचारलंसुद्धा नाही. तोंडच नव्हतं.

*

सीझनच्या शेवटच्या मॅचला जोनचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि कोच म्हणून मी एकटाच उरलो.

जोनची एक पद्धत आहे. मॅचआधी ती गवतात बसते, मुली रांगेने येतात आणि प्रत्येक जणी कानात सांगते, आज तिला कोचकडून काय हवंय. मीही चिखलात बसलो. एकीला लेस घट्ट बांधून हवी होती. एकीची आजी आली की मी तिला हात करून सांगायचं होतं. एमिली म्हणाली, "प्लीज, मोजू नका."

सई रांगेत शेवटची. ती आली, माझ्या कानाशी वाकली.

"कोच, तू माझ्या बाबाला कॉफी प्यायला पाठवशील?"

"किती वेळ?"

"मॅच संपेपर्यंत."

मी म्हणालो, "पाठवतो."